स्क्रीन बंद केल्यावर काय उरतं?

पाऊण भागिले अर्धा. सहावीतल्या एका मुलीने उत्तर लिहिलं, सव्वा. मी गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते आणि तेव्हा तिच्या वहीचं पान माझ्या स्क्रीनवर होतं. तिच्याकडे शेजारच्या खिडकीत एक चॅटबॉट उघडा होता. तिने त्याला उत्तर दाखवलं. त्याने क्षणात सांगितलं की हे चूक आहे, बरोबर उत्तर दीड. भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं असतं. खाली चार पायऱ्या सुबक मांडून दिल्या. तिने त्या वहीत उतरवल्या आणि म्हणाली, "समजलं."

मी विचारलं, "पण तुझं सव्वा कुठून आलं होतं?"

ती घुटमळली. मग म्हणाली, "पाऊण मीटर फीत आहे ना. त्यातून अर्ध्या मीटरचा एक तुकडा निघाला. पाव मीटर उरली. एक आणि पाव, म्हणून सव्वा."

उत्तर चूक होतं, पण त्यामागचा विचार केवढा मोलाचा! भागाकार म्हणजे एका मापात दुसरं माप किती वेळा बसतं, हे तिला कुणी न सांगता उमगलं होतं. चूक झाली ती अगदी शेवटी. 'एक' ही तुकड्यांची संख्या होती आणि 'पाव' हे मीटरचं माप, आणि तिने दोघांची बेरीज केली. मी एवढंच म्हटलं, "उरलेली पाव मीटर फीत म्हणजे तुझ्या तुकड्याचा किती भाग?" ती बराच वेळ गप्प बसली. पेन्सिलीने वहीच्या कडेला एक रेघ ओढली, तिचे चार भाग पाडले, आणि म्हणाली, "अर्धा. म्हणजे दीड तुकडे."

चॅटबॉटच्या उत्तरात एकही चूक नव्हती. तरीही वहीच्या कडेला ती रेघ ओढण्याची गरज त्याने तिला पडू दिली नव्हती, आणि मुलीला भागाकार कळला तो त्या रेघेवर. ऑनलाइन शिक्षणाच्या भवितव्यावर सध्या जे बोललं जातं त्यात एआय शिक्षक, आभासी वास्तवाचे हेडसेट, मुलाच्या कुवतीप्रमाणे बदलणाऱ्या चाचण्या, पाच-सहा आठवड्यांची छोटी प्रमाणपत्रं अशी मोठी यादी असते. यातलं काय किती वेगाने येणार, यावर चर्चा होते. माझा आग्रह वेगळा आहे. यातल्या प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावावी. साधन काढून घेतल्यावर, स्क्रीन बंद केल्यावर, शिकणाऱ्याला एकट्याने काय करता येतं? ज्याच्याकडे या प्रश्नाचं तपासता येईल असं उत्तर नाही, त्याचं साधन कोणत्याही शाळेने, विद्यापीठाने किंवा सरकारने घेऊ नये.

ही कसोटी मला का महत्त्वाची वाटते, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना मोफत खुला केला. सुमारे १,६०,००० जणांनी नावं नोंदवली. पुढच्याच वर्षी युडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची तिन्ही व्यासपीठं उभी राहिली. जगातले उत्तम प्राध्यापक आता कुणाच्याही घरात येऊन शिकवणार, असं वातावरण होतं. मीही त्या उत्साहात होते आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही, कारण दार खरंच उघडलं होतं. पण पुढे काय झालं? हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्सवरच्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला होता. हे प्रमाण वर्षागणिक वाढण्याऐवजी घसरत आलं होतं. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांतही निम्म्याहून कमी जण शेवटपर्यंत पोचले.

नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला अभ्यासक्रम पुरा करायचाच असतो असं नाही. कुणी एखादा धडा पाहायला येतो आणि समाधानाने जातो, हे मान्य. तरीही या आकड्यांतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. आपण समजत होतो की जगात चांगल्या स्पष्टीकरणांचा तुटवडा आहे. तसा तो नव्हता, निदान तेवढाच नव्हता. पुस्तकं होती, रेडिओ होता, दूरचित्रवाणी होती. तुटवडा होता तो शिकणाऱ्याच्या वहीत डोकावून 'सव्वा कुठून आलं' असं विचारणाऱ्याचा.

शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये हीच गोष्ट आकड्यांत मांडली होती. एकेका विद्यार्थ्याला स्वतंत्र शिक्षक दिला, तर त्यातला सरासरी विद्यार्थीही नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असा त्यांचा दावा होता. एवढा मोठा फरक पुढच्या संशोधनात सहसा आढळला नाही, आणि एआयच्या जाहिराती ब्लूम यांचं नाव घेताना हे सांगत नाहीत. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. माणसाने एकास एक शिकवल्याचा परिणाम ब्लूम म्हणतात त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. पण त्या आढाव्यातलं दुसरं निरीक्षण मला त्याहून मोठं वाटतं. जी संगणक प्रणाली फक्त अंतिम उत्तर बरोबर की चूक एवढंच पाहायची, तिचा परिणाम तोकडा होता. जी प्रत्येक पायरी पाहायची, अडलेल्या पायरीशी थांबायची आणि तिथेच सूचना द्यायची, ती माणसाच्या शिकवण्याच्या जवळजवळ बरोबरीला पोचत होती. हे चॅटजीपीटी येण्याच्या अकरा वर्षं आधीचं आहे. म्हणजे यंत्र शिकवू शकतं की नाही, या वादात मला फारसा रस नाही. शिकवू शकतं. ते उत्तरावर बोट ठेवतं की पायरीवर, एवढंच पाहायचं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि स्पष्टीकरण ही जगातली सर्वांत स्वस्त वस्तू झाली. कुठलंही, कुठल्याही भाषेत, मध्यरात्रीही. मग मुलं जास्त शिकली का? याचं उत्तर शोधणारा एक प्रयोग तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत झाला आणि प्रत्येक पालकाने तो समजून घ्यावा असं मला वाटतं. सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी तीन गटांत विभागलं. एका गटाकडे फक्त पुस्तक आणि वही. दुसऱ्याकडे नेहमीसारखा, विचाराल ते सांगणारा चॅटबॉट. तिसऱ्याकडे तेच तंत्रज्ञान, पण शिक्षकांनी आखून दिलेलं. थेट उत्तर न देता सूचना देणारं आणि नेहमीच्या चुका आधीच ठाऊक असलेलं. सरावात दुसऱ्या गटाची कामगिरी वहीवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी सरस ठरली, तिसऱ्याची तर १२७ टक्क्यांनी. मग सगळ्यांची यंत्रं काढून घेतली आणि परीक्षा झाली. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं, ज्यांनी तो कधीच वापरला नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाचं हे नुकसान जवळजवळ टळलं.

सरावातली ती १२७ टक्क्यांची झेपही परीक्षेत कुठे दिसली नाही. तिसरा गट वहीवाल्यांच्या आसपासच राहिला. सरावाच्या वेळचा डॅशबोर्ड पाहून कुणी निर्णय घेतला असता, तर त्याने दोन्ही चॅटबॉट आनंदाने विकत घेतले असते. आज अनेक निर्णय अशाच डॅशबोर्डवर होतात. किती मिनिटं पाहिलं, किती प्रश्न सोडवले, सलग किती दिवस आले, किती तारे दिले. यातला एकही आकडा स्क्रीन बंद केल्यानंतरचा नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. २०२३ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या १९४ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, काळजीपूर्वक घडवलेल्या एआय शिक्षकाकडून घरी शिकलेल्या मुलांनी वर्गातल्या चांगल्या, कृतीवर आधारलेल्या तासापेक्षाही जास्त प्रगती दाखवली, आणि तीही कमी वेळात. पण तो शिक्षक एका वेळी एकच पायरी उलगडायचा, आधी मुलाला प्रयत्न करायला लावायचा, आणि त्याच्याकडे प्राध्यापकांनी आधी तपासून दिलेली उत्तरं होती. तंत्रज्ञान त्याच पिढीचं, निकाल वेगळे. फरक पडला तो कुणीतरी बसून आखणी केल्यामुळे, आणि हे आखणीचं काम शिकवण्याचा अनुभव असलेल्या माणसाचंच आहे.

मग बाजारात अशी आखणी केलेली साधनं कमी आणि लगेच उत्तर देणारी जास्त का? दोष कंपन्यांवर ढकलणं सोपं आहे, पण मूळ आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. आपल्याला शिकल्यासारखं वाटणं आणि आपण शिकणं या दोन गोष्टी एकमेकींना सहज चकवा देतात. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं; लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के. हार्वर्डमध्येच २०१९ साली आणखी एक अभ्यास झाला. ओघवतं व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. स्वतः झगडून प्रश्न सोडवलेल्यांना कमी शिकल्यासारखं वाटलं. चाचणीत नेमकं उलटं निघालं.

मी स्वतः हे अनुभवलं आहे. संख्याशास्त्राचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नेटाने पुरा केला. व्हिडिओ सुरेख होते, प्रत्येक धड्यानंतरच्या छोट्या चाचणीत मला जवळजवळ पूर्ण गुण होते. दोन महिन्यांनी एका विद्यार्थ्याने प्रमाण विचलनात, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते मोजताना, वजाबाकीचा वर्ग का करतात असं विचारलं आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ते वाक्य, तो आलेख, सांगणाऱ्याचा आवाज सगळं आठवत होतं. कारण मात्र आठवत नव्हतं, कारण ते मी एकदाही स्वतः शोधलं नव्हतं. त्या चाचण्या व्हिडिओ संपल्यावर दोन मिनिटांत येत. महिन्याने एकही आली नाही.

खरं तर याच जागी तंत्रज्ञान माणसापेक्षा कितीतरी उजवं ठरू शकतं, आणि या शक्यतेने मला मनापासून आनंद होतो. आपण शिकलेलं किती झपाट्याने विसरतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा आठवायला लावलं की विसरणं मंदावतं, हेही तेव्हापासून ठाऊक आहे. पण चाळीस मुलांच्या वर्गात कुणाला कुठली गोष्ट कधी पुन्हा विचारायची, याचा हिशेब कुठलाही शिक्षक ठेवू शकत नाही. यंत्र ठेवू शकतं. कोणता मुद्दा कुणाच्या डोक्यातून आता निसटत असेल याचा अंदाज बांधून त्याच दिवशी तो प्रश्न समोर ठेवणं, हे काम भाषा शिकवणारी आणि वैद्यकीय विद्यार्थी वापरतात ती ॲप आजही करतात. यात झगमगाट काहीच नाही, म्हणून भविष्याच्या गप्पांत त्याला जागा मिळत नाही. माझ्या मते ऑनलाइन शिक्षणाला मिळालेलं हे सर्वांत भरवशाचं देणं आहे. आणि ते मुलाला पुन्हा कामाला लावतं.

आभासी वास्तवाबद्दल थोडक्यात. धोकादायक, महाग किंवा अशक्य गोष्टींच्या सरावाला ते उपयोगी आहे. शस्त्रक्रिया, आगीतून सुटका, विमान चालवणं यांत ते उपयोगी पडावं. पण प्रत्येक विषयाला हेडसेट चढवण्याचा सोस नको. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तोच आभासी प्रयोगशाळेचा पाठ साध्या संगणकावर आणि हेडसेटवर देऊन पाहिला. हेडसेटवाल्यांना आपण खरोखर तिथे आहोत असं जास्त वाटलं, आणि ते शिकले मात्र कमी.

परीक्षेच्या प्रश्नावर मात्र थांबायला हवं, कारण कसोटी तिथेच लागते आणि तिथेच सध्या सगळ्यात मोठा गोंधळ आहे. निबंध मुलाने लिहिला की यंत्राने, हे ओळखणारं दुसरं यंत्र आणावं, असा मोह अनेक संस्थांना झाला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी असल्याचं सांगून जुलैमध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्या साधनांनी यंत्राचे ठरवले. साधे शब्द, छोटी वाक्यं, हाच त्यांचा गुन्हा. परक्या भाषेत जपून लिहिणाऱ्या मुलावर असा आळ येणं किती जिव्हारी लागत असेल! दुसरा मार्ग पाळतीचा. परीक्षेच्या वेळी कॅमेऱ्याने डोळ्यांची हालचाल टिपायची, कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायला लावायची. अमेरिकेत २०२२ मध्ये एका न्यायालयाने अशी खोलीची तपासणी घटनाबाह्य ठरवली, ते मला योग्यच वाटतं.

मला दिसणारा उपाय जुना आहे, फक्त तंत्रज्ञानामुळे आता तो दूरच्या विद्यार्थ्यालाही परवडण्यासारखा झाला आहे. तोंडी परीक्षा घ्यावी. दहा मिनिटं व्हिडिओवर समोरासमोर बसून, 'तू हे लिहिलं आहेस, आता यातली ही अट बदलली तर काय होईल ते सांग' असं विचारावं. तयारी हवी तेवढी यंत्राच्या मदतीने करू दे. बोलताना तो एकटा असेल. काही आठवड्यांच्या छोट्या प्रमाणपत्रांचं जे पीक आलं आहे, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. व्हिडिओ संपवल्याची पावती आणि कौशल्य असल्याचा दाखला या दोन गोष्टी एकाच कागदावर छापू नयेत.

मग शिक्षकाचं काय? २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने एआय थेट मुलासमोर न ठेवता शिकवणी घेणाऱ्यांच्या हाती दिलं. सुमारे ९०० शिकवणारे आणि १,८०० मुलं. मूल अडलं की यंत्र शिकवणाऱ्याला हळूच सुचवायचं, आता काय विचारता येईल. मुलांनी विषय पक्का करण्याचं प्रमाण सरासरी शंभरामागे ४ ने वाढलं, आणि ज्यांचं शिकवणं आधी कच्चं मानलं जात होतं त्यांच्या मुलांत शंभरामागे ९ ने. असे शिकवणारे उत्तर सांगून टाकण्याऐवजी प्रश्न जास्त विचारू लागले. प्रत्येक नवख्या शिक्षकाच्या शेजारी अनुभवी शिक्षक बसवणं व्यवस्थेला सहसा जमत नाही. पैसे मर्यादित असतील तर ते मी आधी इथे लावीन.

आणि हे सगळं पोचणार कुणापर्यंत? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्येही २६० कोटी माणसं इंटरनेटविना होती. २०२० मध्ये जगभर शाळा बंद झाल्या तेव्हा इंटरनेट नसलेल्या अनेक मुलांचं शिक्षण थांबलं. फोनवरच, नेटवर्कशिवाय चालणारी छोटी भाषा-प्रारूपं (चॅटबॉट ज्यावर चालतात त्या प्रणाली), आपल्या भाषेत बोलून विचारता येणं, कर्णबधिर मुलांसाठी आपोआप उमटणारी अक्षरं या गोष्टी माझ्या लेखी हेडसेटच्या कितीतरी आधी येतात. शिवाय जी मुलं ऑनलाइन आली त्यांचीही मोठी किंमत वसूल झाली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ४९ देशांच्या सरकारांनी टाळेबंदीत वापरलेली शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळं तपासली, तेव्हा त्यांतली ८९ टक्के मुलांच्या माहितीच्या बाबतीत त्यांचे हक्क धोक्यात आणणारी किंवा मोडणारी आढळली. मूल कुठे अडलं ही शिक्षकाच्या कामाची माहिती आहे. ती जाहिरातदाराच्या हाती जाता कामा नये. हे करारातच लिहून घेता येतं, आणि घ्यायलाच हवं.

खरेदी करणाऱ्यांना मी आणखी एक अट घालायला सांगेन. साधन वापरलेल्या आणि न वापरलेल्या मुलांची महिन्यानंतर, साधनाविना, एकच चाचणी घ्यावी. ती विकणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. आणि निकाल जसा येईल तसा सर्वांसमोर ठेवावा. औषधाच्या बाबतीत आपण याहून कमी पुराव्यावर समाधान मानत नाही.

माझ्या छोट्या शिकवणीत मी एवढाच बदल केला आहे. तासाची शेवटची दहा मिनिटं सगळ्या खिडक्या बंद. मागच्या महिन्यात शिकवलेल्यातला एक प्रश्न, एक कोरा कागद, आणि मग त्या कागदाचा फोटो. सुरुवातीला मुलं कुरकुरली, दोन पालकांनी हा वेळ वाया जातो अशी तक्रार केली. त्या फोटोंत खाडाखोड खूप असते. फितीवाल्या मुलीच्या परवाच्या कागदावर प्रश्न होता, दोन तृतीयांश भागिले अर्धा. उलटा करून गुणायचा नियम तिने कुठेच वापरला नव्हता. कडेला एक रेघ होती, तिचे सहा भाग पाडलेले, आणि खाली लिहिलं होतं, "एक पूर्ण तुकडा, आणि उरलेला तुकड्याचा तिसरा हिस्सा."